पालथ्या घड्यावर रायफल

आडवं पडून करण्याजोगी कामं मराठी मध्यमवर्गीयाला मनापासून आवडतात. पेपर वाचणं, टीव्ही बघणं, बायकोच्या बोलण्याला योग्य जागी हुंकार देणं, आणि या सगळ्यांची माता म्हणजे जेवणानंतरची वामकुक्षी. म्हणून आमच्या तालुक्याच्या होमगार्ड पथकाला फायरिंगचा हुकूम आला आणि त्यात ‘लेटके पोझिशन’ असल्याचं कळलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर तेज आलं. उभं राहणं नाही, गुडघे टेकणं नाही. सतरंजीवर पडायचं, पाच गोळ्या झाडायच्या, चहा प्यायचा आणि घरी यायचं.

रायफलीचं मत निराळं असतं. उभ्या माणसाच्या खांद्यावर दणका बसला की तो कमरेतून मागं झुकतो, एखादं पाऊल मागं घेतो, लाज वाटली तर हसतो. दणक्याला निघून जायला वाट मिळते. पालथ्या पडलेल्याला मागं सरायला जागाच नसते. दोन्ही कोपरं जमिनीत रुतलेली, पोट जमिनीला चिकटलेलं, आणि मागं त्याचे स्वतःचेच पाय. दणका खांद्यात शिरतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. झोपून करायच्या कामांत इतकं कमी सुख दुसऱ्या कशातच नसेल.

आमच्या वाट्याला आलेली रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई जी घेऊन लढले, त्याच घराण्यातली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत राहिली. वजन ४ किलोच्या आसपास, लाकडी दस्ता, आणि दस्त्याच्या टोकाला पितळेची पट्टी. रबर नाही, गादी नाही, पितळ! पहाटेच्या गारठ्यात ती शर्टातूनसुद्धा खांद्याला चटका दिल्यासारखी लागते. या पट्टीला एक चिमुकलं झाकण असतं. ते उघडलं की आत तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी, म्हणजे पुलथ्रू. रायफलीची सगळी सोय रायफलीच्याच पोटात केलेली आहे. खांद्याची सोय ज्याची त्यानं बघावी, असा ती घडवणाऱ्या साहेबाचा हिशेब दिसतो. तरी एक उपकार त्यानं केला. या रायफलीचे दस्ते बँटम, शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग अशा वेगवेगळ्या लांबीचे बनत, म्हणजे हाताच्या मापानं घ्यावेत. आमच्याकडे रांगेत जी हाताला येईल ती आपली. उंच माणसाला आखूड दस्ता मिळाला की पडल्यावर त्याचं नाक अंगठ्याच्या फार जवळ जातं, आणि गोळी सुटल्यावर तोच अंगठा, स्वतःचा, सख्खा, नाकावर येऊन आदळतो.

आदल्या संध्याकाळी सल्ल्यांना ऊत आला होता. ज्यांनी पूर्वी फायरिंग केलं होतं ते गप्प होते, आणि ज्यांनी केलं नव्हतं ते बोलत होते. एकाचं म्हणणं, शर्टाच्या आत पंचाची आठ पदरी घडी ठेवावी. दुसऱ्याचं म्हणणं, रायफल सैल धरावी म्हणजे ती आपली आपण मागं जाते, आपल्याला काही कळत नाही. तिसरे आमचे तालमीतले पैलवान. दिवसाला पाचशे जोर मारणारा माणूस. ते म्हणाले, ‘‘त्यात काय? ती ढकलती, आपण उलटं ढकलायचं.’’

सैल धरण्याच्या सल्ल्याचा निकाल सकाळी मैदानाकडे जाताना ट्रकमध्येच लागला. पथकात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवणारे एक सर आहेत. त्यांनी ट्रकच्या धक्क्यांत, हातावरच पेनानं गणित मांडलं. गोळी ११ ग्रॅमची, नळीतून सुटते ती सेकंदाला ७४० मीटरच्या वेगानं. तिचा संवेग, तिच्या मागोमाग सुटणाऱ्या वायूचा संवेग, भागिले रायफलीचे ४ किलो. ‘‘म्हणजे रायफल मोकळी असेल तर मागं येणार साधारण ताशी १० किलोमीटरनं.’’

‘‘म्हणजे सायकल!’’ आमचा दूधवाला म्हणाला. ‘‘ती तर दिसली की बाजूला होता येतं.’’

‘‘इथं तुम्हीच रस्त्यात झोपलेले असता,’’ सर म्हणाले.

मग त्यांनी खरा मुद्दा सांगितला, आणि तो मला पतसंस्थेच्या काउंटरवर बसणाऱ्यालाही पटला. रायफल आणि खांदा यांच्यात बोटभर फट राहिली, तर रायफल त्या फटीतून मोकळी सुटून येऊन आदळते. तेच ती आधीपासून खांद्याला घट्ट लागलेली असेल, तर तिच्या ४ किलोत तुमचं वजनही सामील होतं, आणि त्या सगळ्या गाठोड्याला ढकलताना दणक्याचा वेग पार मंदावतो. आदळणं वेगळं, ढकललं जाणं वेगळं. माझ्या ७८ किलोंचा देशाला पहिल्यांदाच काही उपयोग होणार होता.

पैलवानांना गणित आवडलं नाही. ते कोल्हापूरकडचे, त्यामुळे नेमबाजीवर आपला वंशपरंपरागत हक्क आहे असं त्यांना वाटतं. ‘‘आमच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पालथं पडूनच जगज्जेत्या झाल्या. ५० मीटर प्रोन. आणि स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं, त्यातही एक पोझिशन पडूनच असते. त्यांचे खांदे कुठं मोडले?’’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती रायफल पॉइंट टू-टूची. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर, आणि तिच्या झटक्याची ऊर्जा थ्री-नॉट-थ्रीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यांची अडचण म्हणजे ५० मीटरवरचं १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ. आमची अडचण म्हणजे गोळी सुटल्यावर आपण पूर्वीच्याच जागी आहोत की नाही. दोन्हीला नेमबाजी म्हणतात, एवढंच साम्य.

मैदानावर पोचलो तेव्हा लाल बावटा चढला होता. उस्ताद वयानं माझ्या भाच्याएवढा. कडक इस्त्री, त्याहून कडक आवाज. त्याच्या बाजूला आमचे निवृत्त कमांडरसाहेब पाहुणे म्हणून खुर्चीत बसलेले. पहिल्याच डिटेलला, म्हणजे पहिल्या तुकडीलाच, दोघांचं वाजलं. साहेबांच्या काळात शिकवत की शरीर रायफलीच्या रेषेला तिरकं ठेवायचं, पाय फाकवायचे, टाचा जमिनीला टेकवायच्या. उस्तादाचं म्हणणं, सरळ पडायचं, पाठीचा कणा शक्य तेवढा नळीच्या रेषेत. साहेब म्हणाले, ‘‘आम्ही आयुष्यभर तिरकेच पडलो.’’ उस्ताद अदबीनं म्हणाला, ‘‘म्हणून तर साहेब, तुमचा एक खांदा आजही खाली दिसतो.’’

मी या बाबतीत तरुण पिढीच्या बाजूचा आहे. तिरकं पडलं की दणका एकाच खांद्याला बसतो आणि सगळं धड त्या बाजूला फिरतं. नळी टार्गेट सोडून शेजारच्या शेताकडे बघायला लागते, आणि पुढच्या गोळीला पुन्हा सगळा संसार मांडावा लागतो. सरळ पडलं की दणका खांद्यातून पाठीत, पाठीतून कमरेत असा उतरत जातो आणि नळी उसळून पुन्हा बरीचशी होती तिथंच येऊन बसते. टाचा मात्र दोघांच्याही मते खालीच हव्यात.

माझा प्रश्न टाचांचा नव्हता. माझं पोट माझ्याआधी पोझिशन घेतं. मी पालथा पडलो की त्यावर तोल धरून राहतो, श्वास घेतला की नळीच्या टोकाची नेमाची माशी टार्गेटच्या खाली जाते, सोडला की वर येते. उस्ताद माझ्या शेजारी उकिडवा बसून हे बराच वेळ बघत राहिला.

‘‘काका, उजवा गुडघा वर घ्या.’’

‘‘कुठं वर?’’

‘‘बाजूनं, पोटाकडं. बेडूक असतो ना, तसा एकच पाय.’’

गुडघा वर घेतला आणि चमत्कार झाला. शरीर किंचित डाव्या अंगावर कललं, पोट जमिनीवरून सुटलं, श्वास मोकळा झाला, माशी जागेवर थांबली. डाव्या अंगावर, एक गुडघा दुमडून! म्हणजे आमच्या घराण्यात तीन पिढ्या जिचा सराव रोज दुपारी चालू आहे, तीच पोझिशन. पदक मिळवणारे नेमबाजही गुडघा असाच घेतात, हे उस्तादानं सांगितलं तेव्हा ऊर भरून आला.

मग त्यानं दस्त्याची जागा दाखवली. पडल्यावर खांदा वर सरकतो आणि हासळीचं हाड नेमकं पितळेच्या समोर येतं. त्या हाडाला पितळ लावू नये. हाडाच्या खाली आणि दंडाच्या आत, कोपर पुढं घेतलं की एक मऊ खोबण तयार होते, तिथं दस्ता बसवायचा आणि उजव्या हातानं मागं ओढून धरायचा. गाल लाकडाला चिकटवायचा. गोळी सुटल्यावरही ट्रिगर दाबलेलाच ठेवायचा, लगेच मान उचलून ‘लागली का’ म्हणून बघायचं नाही. मान उचलणाऱ्याला लाकूड ओठावर थप्पड देतं.

‘‘पाच राउंड भर! अपने अपने टार्गेट पर... फायर!’’

पहिला आवाज झाला आणि कानातला कापूस आतल्या आत घाबरला. खरं सांगायचं तर निम्मा दणका हा आवाजच असतो. खांद्याला जे होतं ते नंतर कळतं. कान आधी बोंब मारतात आणि खांदा त्यांचं ऐकून कळवळतो.

हे उस्तादाला पक्कं माहीत असावं, कारण पैलवानांच्या राउंडमध्ये त्यानं गुपचूप एक डमी राउंड घातला होता. पैलवान ठरल्याप्रमाणे उलटं ढकलत होते. पहिल्या दोन गोळ्या सुटल्या, धुरळा टार्गेटच्या अलीकडच्या मातीत उडाला. तिसऱ्याला फक्त ‘टक’ असा आवाज झाला. आणि त्या शांततेत आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रायफलीनं दणका दिलाच नव्हता. हलले होते पैलवान. दोन्ही डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढं उसळलेला, नळी जमिनीकडं झुकलेली, आणि तोंडातून ‘हुं’ असा कुस्तीतला हुंकार. नसलेल्या दणक्याशी त्यांनी पूर्ण ताकदीनं कुस्ती केली होती. उस्ताद म्हणाला, ‘‘पैलवान, गोळी सुटायच्या आधीच तुम्ही तिला खाली पाडताय.’’ पैलवान कपडे झटकत उठले, पण त्यानंतर दोन तास कुणालाही सल्ला दिला नाही.

पंचाच्या घडीचा प्रयोग दूधवाल्यानं केला. पहिल्या गोळीला घडी उपयोगी पडली. दुसऱ्या गोळीपर्यंत ती घसरून पोटाशी गेली होती आणि दस्ता हासळीच्या हाडावर एकटाच होता. तिसरी गोळी झाडायच्या आधी त्यानं हात वर करून विचारलं, ‘‘उस्ताद, राहिलेल्या परत दिल्या तर चालतील का?’’ चालत नाही.

रिकामी खोकी, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या, मोजून परत द्यावी लागतात. पडून झाल्यावर आमच्यातला प्रत्येक जण एक हात खांद्यावर ठेवून गवतात खोकी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेडला उस्तादानं पुरुषमंडळींना वरची दोन बटणं काढायला लावली आणि रांगेतून खांदे बघत फिरला. हा माणूस वळावरून निदान करतो. वळ दंडावर असेल तर दस्ता बाहेर टेकवला होता. हाडावर असेल तर फार वर. ओठ सुजला असेल तर गाल सुटला होता. हाडाच्या खाली, बंद्या रुपयाएवढा फिका डाग असेल तर तो नुसती मान हलवून पुढं जायचा. कमांडरसाहेबांचे तिरकस चेले एकजात दंडावर निळे-जांभळे निघाले. फिजिक्सच्या सरांच्या हासळीवर पितळी पट्टीची सरळ कड उमटली होती. ‘‘गणित बरोबर होतं,’’ सर म्हणाले. ‘‘मांडणी चुकली,’’ उस्ताद म्हणाला.

महिलांच्या रांगेत आमच्या अंगणवाडीच्या ताई. वजन ४५ किलोच्या वर नसेल. आदल्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्यासाठी हळहळ केली होती. त्यांनी ना घडी ठेवली, ना ढकललं. सरळ पडल्या, दस्ता खोबणीत ओढून धरला, आणि दर गोळीला रायफलीबरोबर अख्ख्या बोटभर मागं सरकल्या, की पुन्हा जागेवर. टार्गेट आणून बघितलं तर पाची भोकं तळहाताखाली झाकली जात होती. ‘‘काय केलंत ताई?’’ असं पैलवानांनी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘‘पोरं अंगावर उडी मारतात ना, तेव्हा आपण ताठ झालो तर लागतं. आपणही जरा त्यांच्याबरोबर जायचं.’’

घरी आल्यावर बायकोनं आंबेहळद उगाळून लेप दिला, आणि देता देता म्हणाली, ‘‘अहो, झोपूनच होतात ना तुम्ही?’’ या प्रश्नाला अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

तुम्हाला कधी थ्री-नॉट-थ्रीच्या मागं पालथं पडायची वेळ आलीच, तर सरळ पडा, दस्ता खोबणीत घट्ट ओढून धरा, पोट असेल तर उजवा गुडघा वर घ्या. आणि पडण्याआधी शर्टाच्या खिशातलं पेन, चष्म्याची डबी आणि तंबाखूची पुडी काढून ठेवा. माझ्या खांद्यावरचा डाग आठवड्यात गेला. छातीवर पेनाच्या टोपणाचा ठसा आहे तो अजून दिसतो.