जावईबापूंची बोट

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, कुंपणापाशी. हळू बोला, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत.

मास्तरीणबाईंच्या जावयानं बोट घेतली! डोंगा नव्हे हो, बोट. फायबरची, पांढरीशुभ्र, आत झोपायची खोली, वर छप्पर. हायवेनं ट्रेलरवर आली आणि आपल्या वळणावर तो ट्रेलर असा अडकला की रायपूरकडे निघालेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून... तुम्ही ऐकलेच असतील. अर्धा कारधा जमा झाला. मास्तरीणबाई पदर सावरत अगदी मधोमध उभ्या. कुणीतरी विचारलं, "कोणाची जी?" तर म्हणतात कशा, "अशीच, आमच्या पोरांची, वीकेंडसाठी." अशीच म्हणे! आवाजच सांगत होता.

तर आता दर शनिवारी पुण्याहून यायचं, वैनगंगेवर राहायचं, रविवारी संध्याकाळी परत. गोसेखुर्दच्या जलपर्यटनाच्या बातम्या यायला लागल्या ना, आणि 2024 साली तो आंभोऱ्याचा तारांचा पूल झाला, वर गॅलरीवाला, तेव्हापासून जावयाच्या डोक्यात हे. त्याआधी दोघं तारकर्लीला हाऊसबोटीत राहून आले होते. तिथं म्हणे सगळं आयतं. आपल्याकडे आयतं काय, डास!

कागदपत्रांचं काही विचारू नका. बोटींचा 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा आला, इंजिन लावलं की नोंदणी, विमा, जलाशयात फिरायची परवानगी वेगळीच. फाइल पाहिलीत तर पोरीच्या लग्नाची यादी बरी वाटेल. ते जाऊ द्या.

तर काय सांगत होते... हो, सामान. जावयानं पुण्याहून काय काय आणावं? कॉफीचं मशीन. छोटा फ्रीज. काचेचे ग्लास, बारा! मास्तरीणबाईंच्या सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. एकेक खोका उघडला की म्हणायच्या, "बरं." शेवटचा खोका झाल्यावर विचारतात, "पानी कुठी हाये?" जावई हसला, "आजी, नदीतच तर आहोत!" आजी म्हणाल्या, "थे पेशील का बापा तू?" त्याचं तोंड असं उतरलं! आपण काय सांगावं, नागपूरच्या नाग नदीचं सगळं कन्हानमधून आंभोऱ्यापाशी येऊन मिळतं, लहान पोराला विचारा. मग वीस-वीस लिटरचे कॅन आले. तेही सगळे डाव्या फळीवर मांडले आणि बोट डावीकडे कलली. डोंगावाले भाऊ काठावर जाळं सोडवत बसले होते. म्हणाले, "साहेब, जड सामान खाली अन् मधात. वरती फक्त हलकं." पाण्याच्या कॅनपासून कणकेच्या डब्यापर्यंत सगळं परत काढून परत लावलं. आमच्या ह्यांनी जाऊन मदत केली, म्हणून मला एवढं माहीत.

आणि गॅस! पाच किलोचं सिलिंडर चक्क झोपायच्या खोलीत, पलंगाखाली. "जागा वाचते" म्हणे. हे म्हणाले, अरे बाबा, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की वर जात नाही, बोटीच्या पोटात जाऊन बसतो, आणि तिथून निघायला वाट नाही. घरी निदान दार उघडता येतं. आता सिलिंडर मागच्या उघड्या फळीवर, पट्ट्यानं बांधलेलं. स्वयंपाकही तिथंच. लेक म्हणाली, मॉड्युलर किचन कशाला केलं मग? कुणी उत्तर दिलं नाही.

आता खरी गंमत ऐका. जरा जवळ या.

संडास.

कोणी विचारेना! सगळे कॉफीवर बोलतायत, पडद्यांच्या रंगावर बोलतायत. शेवटी आजीच म्हणाल्या, "अन् सकाळी?" सगळे गप्प. जावई म्हणाला, पोर्टेबल आहे, खाली टाकी, भरली की... आणि थांबला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "भरली की काय?" तो नदीकडे बघायला लागला. बाई, मग त्या जे बोलल्या ना! अख्खा भंडारा या नदीचं पाणी पितो, माझे शाळेतले विद्यार्थी पितात, माझ्या जावयानं हे करायचं? बोटीत पाऊल ठेवणार नाही मी. आता ठरलंय, टाकी गाडीत घालून घरी आणायची आणि आपल्याच संडासात रिकामी करायची. कोणी आणायची, यावरून नवरा-बायकोत अबोला झाला. ते वेगळंच प्रकरण.

पहिली रात्र तर... तुम्हाला कोणी सांगितलं नाही? डिसेंबरची थंडी. दोघं आणि नातू. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावल्या. सकाळी उठतात तर छतावरून टपटप! पाऊस नाही, काही नाही. रात्रभर तिघांचा श्वास, तोच गार छताला लागून पाणी झालेला. गाद्या खालूनही ओल्या. नातू म्हणतो, मी नाही केलं! अजून सांगत फिरतोय बिचारा. त्यातून फ्रीजनं बॅटरी पिऊन टाकली, आणि इंजिनही त्याच बॅटरीवर. किल्ली फिरवली की टक, बस. डोंगावाल्या भाऊंनी दोर लावून काठाला आणलं. लेक पुढे, डोक्यावर शाल घेऊन, कोणी ओळखू नये म्हणून. पण काठावर मीच उभी होते ना.

मग मात्र सुधारले. इंजिनाची बॅटरी वेगळी, दिवे-पंख्याची वेगळी, छपरावर सोलर. फ्रीज गेला मास्तरीणबाईंच्या ओसरीवर, त्यात आता लोणचं असतं. त्याऐवजी थर्माकोलचा डबा, त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, गार ठेवतात आणि वितळल्या की प्यायलाही होतात. ही अक्कल लेकीची. गादीखाली लाकडी पट्ट्या, हवा खेळायला. खिडक्यांना जाळ्या, आणि दोन समोरासमोरच्या झोपताना बोटभर उघड्या. संध्याकाळी दिवा आत नाही लावायचा, किडे येतात. काचेचे बारा ग्लास? विचारूच नका. रुंद बुडाचे स्टीलचे पेले नेतात आता.

खाण्याचं मास्तरीणबाईंनी हाती घेतलं आणि तिथं मात्र मानलं पाहिजे. शनिवारचं सगळं घरून, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाखोळीच्या डाळीचे वडे, कोरडी चटणी. बोटीवर फक्त भात टाकायचा, आपला चिन्नोर, वास काठापर्यंत येतो. फोडणी, तळण बंद, म्हणजे भांडी कमी, पाणी कमी. जावई म्हणाला, "आई, तुम्ही तर प्रो आहात!" त्या लाजल्या हो. मी पाहिलं.

अरे हो, एक राहिलंच. जावई मोबाइलवर नकाशा दाखवत होता, इथं नांगर टाकू, शांत जागा आहे, कोणी नसतं. आजींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "कोनी कसं राहीन? थे माहं माहेर हाये." तुम्हाला ठाऊकच आहे, 1988 साली राजीव गांधींनी गोसेखुर्द धरणाची पायाभरणी केली, आणि मग हळूहळू गावं उठली. आजींचं उठलं. "चिचेखाली आमचा गोठा होता," म्हणाल्या, "थ्या गोठ्यावर झोपशील का रे बापा?" रागानं नाही, सहज विचारल्यासारखं. पण जावयाला पुढे बोलताच येईना. डोंगावाले भाऊ मध्ये पडले, म्हणाले, तिथं तसंही जुन्या झाडांचे खुंट आहेत, नांगर अडकला की दोर कापावा लागते. अन् इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, इतकी की इंजिनाच्या पंख्याला गुंडाळते, कोयत्यानं काढा मग तासभर. तर आता वरच्या अंगाला थांबतात, काठापासून थोडं दूर, दोर सैल सोडून. धरणाची पातळी उतरली की आखूड दोराची बोट काठावर तिरकी लटकते ना.

पावसाळ्यात मात्र बंद. तेवढं जावयाला कोणी सांगावं लागलं नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर वर मध्यप्रदेशातून पाणी सुटलं होतं तेव्हा आपला लहान पूल कुठं होता नि रस्ता कुठं, त्याचे फोटो मास्तरीणबाईंनी त्याला लग्नातच दाखवले होते. जूनला बोट ट्रेलरवर, ट्रेलर त्यांच्या अंगणात. म्हणजे तुमच्या पपईवर सावली येणार बरं का, आत्ताच बोलून ठेवा.

आणि आता ताजी खबर. मास्तरीणबाई म्हणतायत, पुढच्या महिन्याची भिशी बोटीवर! सगळ्या हरखल्या. पण बोटीवर पाटी आहे, सहा माणसं. जॅकेटंही सहाच, त्यातलं एक नातवाचं, पायांतून पट्टा असलेलं. आणि आपल्या भिशीत बायका किती? चालवायला जावई लागेल, म्हणजे मोठ्यांच्या उरल्या चार जागा. एक त्यांची स्वतःची, एक आजींची, आजी म्हणाल्या मी येणारच. मग राहिल्या दोन.

एकीवर माझं नाव आहे, सकाळीच सांगून गेल्या. दुसरीचं काही बोलल्या नाहीत... अहो, असं काय बघताय? मी विचारलं नाही. तुमच्या सुनेनं परवा त्यांच्या ट्रेलरवर गोधड्या वाळत घातल्या होत्या ना, त्यावरून जरा... बघते, दुपारी सहज विषय काढते. तोवर तुम्ही त्या वड्यांची रेसिपी विचारायला जा. त्यांना आवडतं ते.