घडी न होणारा कंदील

बायकोला क्योटोला जायचं होतं. गिऑनमधल्या जुन्या लाकडी घरांसमोर संध्याकाळी कागदी कंदील लागतात, ते मुलांना दाखवायचे होते. मी बँकेचं पासबुक उघडून पाहिलं आणि सगळ्यांना माहीमच्या कंदील गल्लीत नेलं. भिलाईत जन्म काढलेल्या मराठी माणसाला माहीमसुद्धा परदेशच.

दिवाळीआधीची संध्याकाळ. एल. जे. रोडच्या कडेला चांदण्या, कमळं, षटकोन, सगळे पेटलेले. धाकटा वर बघून म्हणाला, “बाबा, आपल्या प्लांटवरचं आसमान याच्याहून लाल असते.” भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली भट्टी १९५९ सालची, तिच्यापुढे माहीम काय टिकणार!

विक्रेत्याने घडीचे कंदील दाखवले. पण माझा मराठी बाणा नेमका तेव्हाच जागा झाला. म्हटलं, “छे! कामट्यांचाच द्या.” कंदील धाकट्याच्या हनुवटीपर्यंत आला.

तीन टॅक्सीवाले कंदील बघून पुढे गेले. चौथा थांबला. कंदील, बायको, मुलं, बॅगा आत बसल्या. “अहो, तुम्ही या मागून,” बायको म्हणाली. मी माटुंगा रोडहून दादरला गाडी बदलत सीएसएमटीला पोचलो.

हावडा मेलमध्ये आमचे चार बर्थ. एक कंदिलाने घेतला. टीसीने चष्मा वर करून विचारलं, “इनका टिकट?” म्हटलं, “पाँच साल से कम के हैं.” तो हसला नाही. रात्रभर पंख्याच्या वाऱ्याने झिरमिळ्या समोरच्या काकांच्या नाकात जात होत्या आणि काका शिंकून दर वेळी माझ्याकडेच बघत होते. दुर्गपर्यंत १,१०० किलोमीटर! परंपरा जपायला मला सांगितलं होतं कोणी?

पहाटे जाग आली. मोठीने आपली शाल कंदिलाला गुंडाळली होती आणि स्वतः गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. मी माझी चादर तिच्यावर घातली आणि बराच वेळ उगाच खिडकीबाहेर बघत बसलो.

वर्ध्याच्या पुढे चहावाल्याच्या किटलीची तोटी कागदातून आरपार गेली.

दुर्ग येता येता बायको मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “जपानी कंदिलाची कामटी स्प्रिंगसारखी गोल गोल फिरवलेली असते म्हणे. दाबला की चपटा. बॅगेत मावतो.”

“आपला मुडतच नाही,” धाकटा म्हणाला.

घरी पोचल्यावर व्हरांड्यात कंदील टांगला. भोक प्लांटच्या बाजूला फिरवलं. तिकडे तसंही सगळं लालच असतं.