लिफाफे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दाराच्या पाटीवर त्यांचं जे आडनाव आहे, ते आता फक्त पोस्टमन आणि वीजबिल वापरतं. बाकी सगळ्यांसाठी ते लिफाफे. 'लिफाफे आहेत का घरात?' असं दारात उभं राहून विचारलं, तर त्यांच्या सौभाग्यवतीसुद्धा 'आहेत, बसा, बोलावते' म्हणतात.

नावाचं कारण माझ्या कपाटात आहे. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास ते एक खाकी पाकीट माझ्या हाती देतात. डिंकानं चिकटवलेलं, वर लाखेचं सील, कोपऱ्यात तारीख आणि लफ्फेदार सही. पुढच्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला मिळणार, ते नाव आत. गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेच्या क्लिअरिंग विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे कागद तिऱ्हाइताच्या ताब्यात असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिऱ्हाईत म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मला सिनेमातलं काही कळत नाही, असं त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत सर्वांसमक्ष सांगितलं.

पाकिटाचा हा सोस त्यांनी थेट ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडून घेतला आहे. १९२९ सालच्या पहिल्या ऑस्कर समारंभाचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरतो. विजेत्यांची नावं तीन महिने आधी जाहीर झालेली, आणि मे महिन्यात हॉटेलात जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटांत बक्षिसं वाटून मोकळे! "अहो, काय अर्थ आहे? ज्याला त्याला माहीत! अंदाज करायचा कुणी आणि कशाचा?" पुढं अकादमी वर्तमानपत्रांना निकाल आधी कळवायची, रात्री अकराच्या पुढं छापायचा या बोलीवर. १९४० साली लॉस एंजेलिस टाइम्सनं तो संध्याकाळच्याच अंकात छापून टाकला आणि समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांना वाटेतच सगळं समजलं. १९४१ पासून बंद पाकिटं आली. लिफाफ्यांच्या मते त्या वर्तमानपत्राइतके उपकार मानवजातीवर क्वचितच कोणी केले असतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ते चित्रपट पाहत नाहीत. एकेकाळी पाहायचे. फिल्म सोसायटीचे सभासद होते, कुरोसावा आणि बर्गमन यांच्यासाठी पावसात भिजत सायकल मारलेली आहे, आणि त्यावर ते अजूनही छान बोलतात. पण ऑस्करच्या शर्यतीतला चित्रपट पाहायचा नाही, हा त्यांचा दंडक. "पाहिला की आवडतो किंवा आवडत नाही. मग झालं, नजर दूषित! ज्योतिषी पत्रिका पाहतो, मुलगी पाहत नाही."

पत्रिका मात्र कसून पाहतात. दिग्दर्शक कोण, त्याला आधी किती वेळा डावललंय, गोष्ट खऱ्या माणसाची आहे का, नटानं वजन किती उतरवलं, आणि मुख्य म्हणजे चित्रपट कोणत्या महिन्यात लागतोय. ऑक्टोबर ते डिसेंबर हा शुभकाळ. त्याआधी लागलेला चित्रपट मार्चपर्यंत मतदारांच्या लक्षात राहत नाही, म्हणून जुलै म्हणजे मंगळ. 'ओपनहायमर' जुलैत लागला आणि २०२४ साली सर्वोत्कृष्ट ठरला, तेव्हा मी खिंडीत गाठलं, तर शांतपणे म्हणाले, "मंगळाची शांत केली असणार. प्रचारावर पैसा काय थोडा ओततात?"

त्यांचं पंचांगही स्वतंत्र आहे. आपल्याकडे आंबे उतरतात तेव्हा त्यांच्याकडे कान महोत्सव उतरतो. चैत्रात दिलेल्या पाकिटाला मग मेअखेरीस पहिली पुरवणी येते. पुरवणी म्हणजे दुसरं पाकीट, त्याच कपाटात. पण खरा हंगाम गणपतीतला. व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरांटो हे तिन्ही महोत्सव ऑगस्टअखेर ते सप्टेंबर एकापाठोपाठ येतात आणि नेमके बहुतेकदा आपल्या बाप्पाच्या आगेमागे. टेल्युराइड हे कोलोरॅडोच्या डोंगरातलं एवढंसं गाव. तिथं कोणते चित्रपट दाखवणार हे महोत्सवाच्या आदल्या दिवसापर्यंत सांगत नाहीत. म्हणजे लिफाफ्यांना आधी ते ओळखावं लागतं आणि मग त्यांतला कोणता जिंकेल ते. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे त्या आठवड्यात त्यांच्याकडे पाहून कळतं.

व्हेनिसला चित्रपट संपला की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि बातमीदार घड्याळ लावून मिनिटं मोजतात. आठ मिनिटं म्हणजे बेताचं, बारा म्हणजे नामांकन धरून चाला, हा लिफाफ्यांचा ठोकताळा. परवाच्या गणपतीत आरतीला मोबाइलवर हेच वाचत उभे होते, तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी सुनावलं, "पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत पाऊण तास आम्हीही उभ्यानंच टाळ्या वाजवतो, काय मिळतं? खिरापत!"

आता कोजागिरी. त्या रात्रीचं मी थोडं सविस्तरच सांगतो, कारण सोसायटी त्यातून अजून सावरलेली नाही.

मसाला दुधाबरोबर खायला काय ठेवायचं, यावर मतदान घ्यायचं ठरलं. लिफाफे म्हणाले, घ्यायचंच तर अकादमीच्या पद्धतीनं घेऊ. २००९ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाचऐवजी दहा नामांकनं केली, तेव्हापासून मतदारानं एकाच नावापुढं खूण न करता पसंतीक्रम लावायचा असतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, तर सर्वांत कमी मतांवाला बाद, आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या दुसऱ्या पसंतीला. असं कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत.

एकवीस बिऱ्हाडं. मिसळीला आठ मतं, पावभाजीला सहा, इडलीला पाच, छोले-भटुऱ्यांना दोन. आपल्या भाबड्या हिशेबानं मिसळ जिंकली. मुलांनी शिट्ट्याही मारल्या. पण लिफाफ्यांनी हात वर केला. छोले बाद. त्या दोन्ही बिऱ्हाडांची दुसरी पसंती इडली. इडली सात. आता पावभाजी सहावर, म्हणून तीही बाद. तिच्या सहांपैकी पाच बिऱ्हाडांत कुणाला पित्त, कुणाला मूळव्याध. त्यांनी मिसळ अगदी शेवटी टाकलेली. पाच मतं इडलीला, एक मिसळीला. अंतिम निकाल: इडली बारा, मिसळ नऊ.

सोळा बिऱ्हाडांनी पहिल्या पसंतीला न मागितलेली इडली सोसायटीनं चांदण्यात, मसाला दुधाबरोबर खाल्ली. काही मुलं रडली. लिफाफे मात्र हातात खडू घेऊन पार्किंगच्या भिंतीजवळ उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत शिक्षकाची चमक होती. "कळलं का आता, २०२२ साली 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारा नामांकनं असून 'कोडा' कसा जिंकला? 'द पॉवर ऑफ द डॉग' ही मिसळ. घेतली तर पहिली, नाहीतर शेवटची. 'कोडा' ही इडली. कुणाच्या पोटाला त्रास नाही!" हे मात्र मला पटलं. अकादमीचे सुमारे दहा हजार मतदार काय करत असतील, हे मला त्या इडलीनं जेवढं समजावलं तेवढं कुठल्या लेखानं समजावलेलं नाही.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस २७ फेब्रुवारी २०१७. एरवी त्यांचं मन वर्षातून सहा वेळा बदलतं. त्या वर्षी बदललं नाही. चौदा नामांकनांचा 'ला ला लँड' जिंकणार, यावर ते गणपतीपासून ठाम होते. इतके की पेढे आदल्या संध्याकाळीच आणून ठेवले. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन. खाली आवारात दहाच्या कार्यक्रमाची सतरंजी अंथरलेली, आणि वर लिफाफे सकाळपासून लॉस एंजेलिसला डोळे लावून. साडेदहा वाजून गेल्यावर वॉरन बेटी पाकीट उघडून घुटमळले, फे डनावे यांनी 'ला ला लँड' वाचलं, आणि लिफाफे पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यात. पहिला मजला वाटून झाला, दुसरा वाटून झाला. तिकडं निर्मात्यांची आभाराची भाषणं चालली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचले तोवर त्याच निर्मात्यांपैकी एकानं माइकवर सांगितलं, चूक झालीय, 'मूनलाइट' जिंकलाय. हातात आली होती ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाकिटाची दुसरी प्रत!

पेढा तोंडात असलेली माणसं काय बोलणार? लिफाफे जिन्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "डुप्लिकेट! डुप्लिकेट पाकीट देतात म्हणजे काय? आमच्या बँकेत सही न पडताळता कागद पुढं सरकला असता तर दुसऱ्या दिवशी मेमो!" आणि मग ते वाक्य, जे आता आमच्या सोसायटीत म्हणीसारखं वापरलं जातं: "लिफाफा चुकला, लिफाफे नाही."

मराठी चित्रपटाचा विषय निघाला की मात्र त्यांची सगळी गणितं विरघळतात. प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो, आणि भारताकडून आजवर 'श्वास' (२००४), 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) असे मराठी चित्रपट गेले. 'श्वास'च्या वेळी प्रचाराच्या खर्चासाठी गावोगाव वर्गणी झाली, शाळकरी मुलांनीही हातभार लावला. लिफाफ्यांनी बँकेत डबा फिरवला होता. नामांकन मिळालं नाही. त्या वर्षी परभाषेतलं ऑस्कर स्पेनच्या 'द सी इनसाइड'ला मिळालं. तो चित्रपट त्यांनी आवर्जून पाहिला, दंडक मोडून, आणि आठवडाभर कुणाशी त्यावर बोलले नाहीत. "चांगला होता हो," एवढंच एकदा म्हणाले.

२०२४ च्या सप्टेंबरात 'लापता लेडीज' पाठवणार की कानला ग्राँ प्री मिळवलेला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', यावर देशभर वाद होता. लिफाफ्यांनी पुरवणी पाकीट न देता भर आवारात तोंडी भाकीत केलं: "कोणताही पाठवा, छाया कदम त्यात असणारच!" ते खरं ठरलं. एकात त्या रेल्वे स्टेशनवर चहाभजी विकणाऱ्या मंजू माई, दुसऱ्यात रत्नागिरीकडे परतणारी पार्वती. पाठवला गेलेला 'लापता लेडीज' पंधरांच्या यादीत आला नाही, दुसऱ्याला नामांकन मिळालं नाही, तरी लिफाफ्यांच्या खात्यावर शंभर टक्के अचूक असं हे एकमेव भाकीत जमा आहे.

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नाही. वेशभूषा, रंगभूषा वगैरे विभागांना ते 'किरकोळ' म्हणतात. काकू माहेरच्या कोल्हापूरच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "या देशात पहिलं ऑस्कर आणलं ते आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांनी. १९८३ साली, 'गांधी'साठी, आणि त्याच किरकोळ विभागात. वर शेवटी ते नीट राहावं म्हणून अकादमीकडेच सांभाळायला दिलं त्यांनी. तुमच्यासारखं शेजाऱ्याच्या कपाटात नाही कोंबलं!" लिफाफे गप्प. मी चहा संपवला.

आता कबुली. ३ मार्च २०२५ च्या सकाळी 'अनोरा' जिंकला आणि लिफाफे माझ्या दारात. "मे महिन्याचं पाकीट द्या." मी दिलं. सील शाबूत होतं. आतून 'अनोरा' निघाला, कारण मे २०२४ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक त्यालाच मिळालेलं. लिफाफ्यांनी ते नाव जिन्यातून मोठ्यांदा वाचलं, पेढे वाटले, चौथ्या मजल्यापर्यंत. ते गेल्यावर मी उरलेली पाच पाकिटं फोडली. एप्रिल: 'जोकर'चा दुसरा भाग. सप्टेंबरची पहिली पुरवणी: 'द ब्रुटलिस्ट'. सप्टेंबरची दुसरी: 'द लाइफ ऑफ चक', टोरांटोच्या प्रेक्षकांची पसंती, जो अमेरिकेत लागला पुढच्या वर्षी. जानेवारी: 'एमिलिया पेरेझ', तेरा नामांकनं पाहून. फेब्रुवारी: 'कॉन्क्लेव्ह'.

पाचही कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते जराही ओशाळले नाहीत. "वेधशाळा एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज देते, मेअखेर सुधारून देते. तिला कुणी खोटारडी म्हणतं का?"

"म्हणतात की."

"म्हणतात. पण छत्री कधी घ्यायची ते तिलाच विचारतात ना?" आणि त्यांनी टेबलाच्या खणातून नवं खाकी पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. लाख अजून कोमट होती. सकाळचे साडेअकरा वाजले होते, ऑस्कर संपून तीन तासही झाले नव्हते.

ते पाकीट मी गॅसच्या पुस्तकाखाली ठेवलं. आतल्या चित्रपटाचं शूटिंग अजून सुरू व्हायचं आहे, एवढं त्यांनी मला दाराशी सोडताना सांगितलं.