तात्याची तार

महाडच्या बाजारपेठेत मे महिन्यात कुणी गाडीसाठी हीटर मागितला, तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या कपाळाला हात लावून बघेल. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याने मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद करून देशभर नाव काढलं. तिथे गाडीत आणखी ऊब कशाला? पण हिरकणीवाडीतल्या तात्याच्या जीपला हीटर आहे, तो चालू आहे, आणि सध्या तो सैल झाला आहे. यातली तिसरी गोष्ट तात्याला सगळ्यांत जास्त आवडते.

तात्या हा एकच माणूस आहे असं समजू नका. पाचाडला त्याला अण्णा म्हणतात, बिरवाडीला नाना, पोलादपूरकडे नुसतंच भाऊ. जुनी गाडी, खिशात तारेचं वेटोळं आणि ‘मिस्त्री कशाला?’ हा सवाल, एवढं जमलं की तात्या तयार. आपण हिरकणीवाडीचाच घेऊ, कारण रायगडाच्या पायथ्याशी राहत असल्यामुळे त्याला इतिहासाचा आधार घरबसल्या मिळतो. गॅरेजात जा म्हणून कुणी सुचवलं की तो म्हणतो, “हिरकणी कडा उतरली, तवा तिनं कुणाला शिडी मागितली व्हती काय?” यावर उत्तर नसतं. शिडीचा आणि गॅरेजचा संबंध काय, हे विचारायचं भान येईपर्यंत तात्या गाडीखाली गेलेला असतो.

गाडी म्हणजे महिंद्राची उंच बॉनेटची जुनी जीप. हे मॉडेल अमेरिकेत १९६८ सालीच बंद झालं, आपल्याकडे मात्र पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं. तात्याच्या वडिलांनी मागचा भाग कापून हौदा जोडला, तेव्हापासून ती पिकअप. तिच्यातून पेंढा येतो, सिलिंडर येतात, गडाखालच्या हॉटेलांचं सामान येतं आणि ६ जूनला राज्याभिषेक दिनाच्या गर्दीत पाण्याच्या बाटल्यांचे खोके येतात. माणसंही येतात, पण ती मोजायची नसतात.

हीटर मुंबईच्या चुलतभावाने कुर्ल्याच्या भंगारातून आणून दिला, एक पोतं तांदळाच्या बदल्यात. ही वस्तू म्हणजे पुढच्या रेडिएटरचं पिल्लू. इंजिनाचं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून मधल्या पत्र्यापलीकडे, डॅशबोर्डखालच्या पितळी जाळीत येतं, मागचा छोटा पंखा त्यावर वारा घालतो, पाणी निवतं आणि पाय शेकतात. थंडीसाठी केलेली ही सोय तात्याने उन्हाळ्यात कामाला लावली. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना काटा वर सरकू लागला की तो हीटर पूर्ण सोडतो. इंजिनाची थोडी उष्णता या वाटेने बाहेर पडते आणि काटा खाली येतो. यात त्याची काडीचीही चूक नाही. जुने ड्रायव्हर हेच करत आले. फक्त डावीकडे बसलेल्या पाव्हण्याला हे आधी सांगितलेलं नसतं. गाडीला ताप येऊ नये म्हणून तो पाव्हण्याला येतो. महाबळेश्वरची थंड हवा लागल्यावर तो माणूस तात्याचे ज्या कळवळ्याने आभार मानतो, तो ऐकण्यासारखा असतो.

तर हा हीटर सैल झाला. पत्र्याच्या डब्यात जाळीभोवती जो स्पंज असतो त्याचा भुगा झाला आणि दर खड्ड्याला ‘खळ्ळ-खट’ सुरू झालं. महाडच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो सांगेल: डबा उघडा, नवा स्पंज चिकटवा, चार स्क्रू आवळा, अर्ध्या तासाचं काम. लांबणीवर टाकू नका, कारण हलून हलून डाग दिलेला जोड सुटला तर उकळतं पाणी थेट गुडघ्यावर येतं. तात्याला हे सगळं ठाऊक आहे. पण अर्ध्या तासात काम आटोपलं तर उरलेल्या दिवसाचं करायचं काय?

म्हणून फणसाखाली ऑपरेशन मांडलं जातं. डावीकडची सीट काढून अंगणात येते आणि तिच्यावर वाडीतले जाणते लोक बसतात. तात्या गोणपाट टाकून उताणा आत शिरतो. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. त्या दिवशी वाडीचे सगळे व्यवहार तात्याच्या पायांशी होतात. दूधवाला पायांना हिशेब सांगतो, पोस्टमन अंगठ्यात पाकीट खोचून जातो आणि तात्याची बायको पायांनाच विचारते, “जेवताय की तिथंच वाढू?” पुतण्या बॅटरी धरायला असतो. बॅटरी धरणारा पोरगा कुठल्याही घरचा असो, त्याला जे बघायचं असतं त्यावरच उजेड पाडतो. “माझ्या नाकात काय शोधतोस, कामावर धर!” ही ओळ आतून थोड्या थोड्या वेळाने येत राहते.

आता पुढचं मात्र नीट बघण्यासारखं आहे. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या तो जाळीच्या चारही कडांना गुंडाळतो. मागच्या फटीत बांबूची पाचर, तिच्या पाठीला पुन्हा रबर. मग खिशातलं वेटोळं निघतं. घरकुलाच्या कामावर सळया बांधून उरलेली तार, दुहेरी केलेली. पण ती पितळेला कुठेच टेकू देत नाही. उघडी तार टेकली की गाडीच्या हादऱ्याने ती मऊ पितळ करवतीसारखं कापत जाते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पकडीने पीळ देतो, एक, दोन, तीन, आणि थांबतो. चौथा दिला तर पातळ पत्र्या दबतील. चाळीस वर्षं सैल गोष्टी आवळणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं हे कळलेलं असतं. सरकारी ठेकेदाराला, माझ्या मते, अजून ते कळायचं आहे. शेवटी कडेला एम-सील लिंपून ते ओलं असतानाच तात्या खिळ्याने आपलं नाव कोरतो. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी नाही का जगदीश्वराच्या पायरीवर कोरलं?

एकदा गडावर आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी हे बघून मान हलवली. “असलं तारेवरचं काम? भरवसा काय?” तात्याने पायांनीच त्यांना मागे वळायची खूण केली. वाडीतूनच रोपवे निघतो, १९९६ पासून. पाळणा तेवढ्यात कड्याकडे सरकत होता. “सायेब, वर कसे जाणार तुम्ही?” साहेब काही बोलले नाहीत. पाळण्यात बसताना मात्र त्यांनी तारेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

हीटर घट्ट बसला की चक्कर होते. पाचाडपर्यंत जायचं, जिजाऊंच्या समाधीपाशी हात जोडायचे आणि परत. हीटर गप्प. पण त्याच्या आवाजाखाली इतके दिवस दबलेला उजवा दरवाजा आता बोलायला लागतो. पुतण्याचा चेहरा पडतो, तात्याचा खुलतो. उद्याची सोय झाली.

अशातच पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. त्यांनी कायदा समजावला: २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. फक्त मूळ रूपात मोठा फेरफार झालेला नको, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढायची नाही.

“मग पेंढा कशातनं आणू?”

“अहो, मानाची गोष्ट आहे. बरं, हिच्यात ओरिजिनल काय काय उरलंय?”

तात्याने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उचललं, मिटलं, हौद्यात डोकावला. “हवा,” तो म्हणाला. “तीबी मागल्या डाव्या चाकातली.”

पाहुणे हसत हसत आपल्या नव्याकोऱ्या एसयूव्हीत बसले. इंजिन सुरू झालं आणि तात्याचे कान उभे राहिले. “थांबा वो! डॅशबोर्डमागं डावीकडं कायतरी सैल हाय.” हात खिशाकडे गेलेला बघून पाहुण्यांनी काच वर केली आणि गाडी सोडली. पाचाडच्या वळणावर मात्र त्यांनी ती बाजूला घेतली आणि डॅशबोर्डला कान लावून बराच वेळ बसले होते, असं तिथला चहावाला सांगतो.