साहेब, झिरो बघा!

पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी टाकीत घालण्याआधी ‘साहेब, झिरो बघा’ म्हणतो आणि साहेब मान वळवून झिरो बघतात. देशाचं कार्बन धोरण जनतेने मनापासून स्वीकारल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही. भारत 2070 पर्यंत नेट झिरो होईल, असं 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर झालं. नाशिककर मात्र मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत रोजच झिरो बघून पैसे देतोय.

या झिरोची एकच अडचण आहे. तो रुपये आणि लिटरच्याच रकान्यात दिसतो, नळीत काय आहे ते सांगत नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हा काही विरोधकांचा कट नव्हे. खुद्द सरकारच्या 2021 च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की, जुन्या बनावटीच्या चारचाकीचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी आणि दुचाकीचं 3 ते 4 टक्क्यांनी घटेल. त्याच आराखड्यात, अशा पेट्रोलचा भाव कमी ठेवा, असंही सुचवलं होतं. मिसळायचं तेवढं लक्षात राहिलं. भावातली सवलत किती? साहेब, झिरो बघा.

यावर ‘ब्राझील बघा’ हे ठरलेलं उत्तर. बघूच. तिथल्या पेट्रोलमध्ये आपल्यापेक्षाही जास्त इथेनॉल असतं, हे खरं. पण शेजारी निव्वळ इथेनॉलची नळी असते, दोन्हींचे भाव लावलेले असतात आणि इथेनॉल पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून स्वस्त असेल तर परवडतं, हा हिशेब तिथला गाडीवाला उभ्या उभ्या करतो. आपल्याकडे साध्या पेट्रोलची नळी एकच, म्हणून स्वीकृती शंभर टक्के! दुसरं उत्तर शेतकऱ्याचं. निफाडच्या उसाला आणि येवल्याच्या मक्याला गिऱ्हाईक मिळत असेल तर कोण नको म्हणेल? पण साखरेपासून लिटरभर इथेनॉल करायला सुमारे 2860 लिटर पाणी लागतं, हेही त्याच आराखड्यात आहे. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की गंगापूर-दारणा धरणांच्या थेंबाथेंबाचा हिशेब मागणारे आपण, हे पाणी टाकीत ओतताना झिरो बघतो. राहिला कार्बन. उसाने हवेतूनच घेतलेला कार्बन परत हवेत जातो, हा मुद्दा चांगला आहे. मग तो पंपावर लिहा ना! लोक त्यागाला तयार नसतात, असं म्हणणाऱ्यांनी गच्च्यांवरची सौर पॅनेलं मोजावीत. तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान, बिलात किती वाचणार याचा अंदाज आणि घ्यायचं की नाही याची मुभा, एवढं हातात दिल्यावर माणसं स्वतःहून अर्ज भरतात. त्यांचा राग कार्बन कमी करण्यावर नाही. गुपचूप खिसा कापून वर देशभक्तीचं प्रवचन ऐकवण्यावर आहे.

आणि एवढीच हवेची काळजी असेल, तर त्याच पंपाच्या कोपऱ्यात बघा. ‘हवा मोफत’ असा बोर्ड आहे. चाकात हवा कमी असली की गाडी जास्त इंधन पिते, हे कुठलाही पंक्चरवाला सांगेल. म्हणजे हवा भरून देणं हा कार्बन कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. त्याला ऊस नको, मका नको, धरण नको, ग्लासगो नको! एक यंत्र, एक नळी आणि ती धरणारा एक माणूस पुरे. पण माणूस जेवायला गेलेला असतो, नळी फाटलेली असते आणि यंत्राच्या काट्यावर, साहेब, नीट वाकून बघा, झिरो असतो.