दिग्रस ते दिगलीपूर

अंदमानच्या नकाशावर दिगलीपूर दिसलं आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दिग्रसच्या माणसाला एवढं साम्य पुरतं. टूरवाला म्हणत होता, "काका, हॅवलॉकला चला, रिसॉर्टच्या दारातच समुद्र." हॅवलॉकचं 2018 मध्येच स्वराज द्वीप झालं होतं, पण ते त्याच्या छापील पत्रकापर्यंत पोचलं नव्हतं.

मराठी माणसाची अंदमानवारी ठरलेली असते: सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी गॉगल लावून किनाऱ्यावर फोटो काढायचे. दोन्ही आम्हीही केलं. (गॉगल एकच होता, आळीपाळीनं लावला.) तिसऱ्या दिवशी मात्र मी हट्टानं दिगलीपूरची बस धरली.

सुमारे तीनशे किलोमीटर, आणि बस निघते कोंबडा आरवायच्या आधी. जिरकाटांगच्या नाक्यापुढे जारवांचं राखीव जंगल, तिथून गाड्या ठरल्या वेळी ताफ्यानंच सुटतात. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, कोणाला खायला द्यायचं नाही. बायकोनं हा नियम इतका मनावर घेतला, की शेजारी बसलेल्या मलाही शेवचिवडा दिला नाही. पुढे खाडी आली आणि आमची बस चक्क फेरीबोटीवर चढली. पुरात अडकलेली एसटी मी पाहिली होती. राजीखुशीनं पाण्यात निघालेली पहिल्यांदाच पाहिली.

दिगलीपूरला उतरलो तर भाताची शेतं, सुपारीची झाडं, सायकली आणि सगळीकडे बंगाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना 1950 च्या दशकात सरकारनं इथं जमिनी दिल्या. खानावळीत पोळी मागितली, भात आला. भाजी मागितली, मासा आला. वरण मागायची हिंमत झाली नाही. आणि डिसेंबरातल्या त्या दिवशी पाचलाच अंधार! घड्याळ दिग्रसचंच, पण आम्ही पंधरा रेखांश पूर्वेला आलेलो. सूर्याला प्रमाणवेळेशी काय देणंघेणं? बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडं या वेळेला बाया वावरातच असतात, इथं झोपायचं की काय?" झोपलोच. दुसरं काही करायला नव्हतं.

सकाळी एरियल बेच्या धक्क्यावरून होडीनं रॉस आणि स्मिथ बेटांवर गेलो. दोन बेटं, मधे पांढऱ्या वाळूची पाऊलवाट. भरती आली की ती पाण्याखाली. होडीवाल्या दादानं हे बंगाली हिंदीत तीनदा सांगितलं, मी तीनदा मान हलवली आणि वाटेच्या मधोमध चपला काढून ठेवल्या. पाण्याला एवढी घाई असेल असं कोणाला वाटलं? एक चप्पल फिरून फिरून निरोप घेत होती, दुसरी आधीच गेलेली. ही काठावरून ओरडली, "आपल्या अरुणावती धरणाचं पाणी सोडतात तर आधी भोंगा वाजवतात!"

धक्क्यावर अनवाणी उभा होतो, तेवढ्यात फोनला जेमतेम रेंज आली. टपरीवरच्या मित्राला म्हटलं, "अरे, मी दिग..." पुढचं वाऱ्यानं खाल्लं.

"आला का गावात? मंग ये ना स्टँडवर, चहा सांगतो."

"चप्पल नाही रे!"

"त्यात काय बे, तसाच ये."