फर्स्ट पीस ओके

निगडीत निवृत्त माणसं दोन जातींची. बँकेतली आणि कंपनीतली. बँकेतला माणूस खरोखर निवृत्त होतो. सकाळी दुर्गा टेकडी, संध्याकाळी नातू, मधल्या वेळात व्याजदर. कंपनीतला फक्त कागदावर सुटतो. पहाटे पाचला त्याला आपोआप जाग येते, कारण फर्स्ट शिफ्टची बस टिळक चौकात कुणासाठी थांबायची नाही. घरात मिक्सर लागला की त्याचं लक्ष चटणीआधी बेअरिंगकडे जातं. जावयाने नवी गाडी आणली तर पेढा तोंडात टाकण्याआधी तो दार चारदा उघडून-लावून पाहतो आणि मग म्हणतो, “अभिनंदन.”

प्राधिकरणातले आमचे नाना या दुसऱ्या जातीतले. आडनाव सांगायची गरज नाही. प्रत्येक सेक्टरात असे दोन-तीन नाना निघतील. मूळचे वाईकडचे, नोकरी प्रेस शॉपच्या क्वालिटीत. मुलगा जर्मनीला गेला तेव्हा त्याने वडिलांना अभंग ऐकायला हेडफोन दिले, फोनवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं आणि त्यात स्वतःची ‘क्लासिक रॉक’ नावाची यादी पुसायची विसरला. आता यादी दिसली की ती पुरी करायची, हा नानांचा धर्म.

ज्यांनी कंपनीत दिवस काढले त्यांना ‘फर्स्ट पीस’ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. प्रेसवर नवी डाय चढली, सेटरने सेटिंग केलं, की जो पहिला नग बाहेर पडतो तो क्वालिटीवाला तपासतो. तो पास झाला तरच पुढचा लॉट चालू. पहिल्या नगावर ज्याला निर्णय देता येत नाही त्याने शॉपवर येऊ नये, असं नानांचं मत. त्यामुळे पिंक फ्लॉइडवर बोलायला आधी पन्नास वर्षं ऐकावं लागतं, ही शंका त्यांना शिवलीच नाही. कंपनीची एक जुनी कोरी डायरी काढली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वर्णन, दोष, शेरा. शेरे तीनच. ओके, रिवर्क, रिजेक्ट.

पहिला नग पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. सुरुवातीला हृदयाचे ठोके ऐकून नानांनी आधी स्वतःची नाडी पाहिली. मग बऱ्याच वेळाने एकदम सगळी घड्याळं वाजली तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि काकूंना म्हणाले, “अगं, मेंटेनन्सला कुणीच नाही वाटतं.” त्याच्या आधी एक तुकडा आहे, त्यात कुणीच गात नाही, नुसतं यंत्र धावतं. तिथे दोषाच्या रकान्यात नोंद आहे: ‘कंप्रेसर चालू, माणूस जागेवर नाही.’

पण ‘मनी’ लागलं आणि नाना सरसावले. नाना भजनी मंडळात पखवाजाला बसतात. गल्ल्याच्या खणखणाटावर त्यांनी मांडीवर बोट धरलं आणि तिसऱ्या आवर्तनाला जाहीर केलं, “सात मात्रा. रूपकाच्या घरातलं आहे.” मधे गिटार सुटली तसे पुन्हा ओरडले, “सोडलं! केरव्यावर आले!” आणि गाणं पुन्हा सातावर परत आलं तेव्हा समाधानाने मान हलवली. हे तंतोतंत खरं आहे. ते गाणं सातात आहे, गिटारचा तुकडा चारात आहे आणि त्यानंतरचं कडवं पुन्हा सातात. आमच्या सोसायटीत या अल्बमच्या त्रिकोणाचे काळे टी-शर्ट घालून हिंजवडीला जाणारे निदान चार जण आहेत. हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. (तो त्रिकोण आणि त्यातून फुटणारे रंग पाहून नाना इतके दिवस तो ज्ञानप्रबोधिनीच्या विज्ञान प्रदर्शनाचा टी-शर्ट समजत होते.) त्यांतल्याच एकाने नानांना ऐकवलं की हा अल्बम १९७३ ते १९८८ दरम्यान अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ७४१ आठवडे होता. नाना गप्प झाले. मनातल्या मनात भागाकार झाला. “चौदा वर्षं एकच मॉडेल? मग चेतकच म्हणायची.” चेतक आकुर्डीची, अल्बमच्या आदल्या वर्षीची. याहून मोठं प्रशस्तिपत्र नानांकडे नाही. शेरा: ओके.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम गेटवरच अडला. १९७१ च्या त्या वेष्टनावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसता पाठीवर लाकडांची मोळी घेतलेला एक म्हातारा. “पार्ट नंबर नाही, चलन नाही. माल आत घेतलाच कुणी?” म्हाताऱ्याबद्दल मात्र त्यांना आपुलकी वाटली. तो इंग्लंडातल्या विल्टशरचा, गवताने घरं शाकारणारा कारागीर होता, हे २०२३ मध्ये उजेडात आलं, असं कळल्यावर म्हणाले, “बघा, फोटो ज्याचा त्याचं नाव पन्नास वर्षांनी. कंत्राटी असणार.” त्यातलं ते जगप्रसिद्ध जिन्याचं गाणं आठ मिनिटांचं. ढोल वाजायला लागतो चार मिनिटं उलटून गेल्यावर. त्यावर नानांचा एकच प्रश्न, “तोपर्यंत तो कुठं होता? आणि हजेरी पूर्ण आठ मिनिटांची लागली का?” शेरा: रिवर्क.

‘डीप पर्पल’चं धुराचं गाणं त्यांना अपघाताचा अहवाल म्हणून आवडलं. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोचा कॅसिनो जळाला, त्यावरचं. ठिकाण, कारण, नुकसान, सगळं आहे. फक्त खाली सेफ्टी ऑफिसरची सही नाही. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’वर त्यांनी वेळ घालवला नाही. निगडीत गिटारच्या क्लासला जाणारं प्रत्येक पोर संध्याकाळी खिडकीत तेच वाजवतं, त्यामुळे तो माल आधीच तपासून झाला होता.

क्वीनच्या बाबतीत मात्र नानांकडून गंभीर पक्षपात झाला. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. पाचगणी कळलं मात्र, नानांची कॅलिपर खिशात गेली. “म्हणजे पसरणीचा घाट चढला की आपलाच!” एरवी एका गाण्यात तीन-चार गाणी कोंबल्याबद्दल त्यांनी माल परत पाठवला असता. इथे म्हणाले, “भारुडात नाही का सोंगं बदलत?” त्या गाण्यातला एवढा मोठा कोरस तिघांनीच आपला आवाज पुन्हापुन्हा टेपवर चढवून उभा केलाय, असं ऐकल्यावर तर डोळे भरले. “तीन माणसांत दिंडी काढली. मॅनपॉवरचं बोलायलाच नको.” शेरा ओके, खाली दोनदा अधोरेखित.

या सगळ्यावर हिंजवडीकर मंडळी पोट धरून हसतात. जाणकाराने हसावं, हे रीतीला धरून आहे. पण १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसनचा जलसा झाला तेव्हा रविशंकर आणि अली अकबर खाँ आधी वाद्यं जुळवत होते, आणि ते संपताच हजारो जाणकारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजींनी हसून चिमटा काढला तो त्या रेकॉर्डवर आहे. नानांनी तो ऐकला तेव्हा त्यांना गुदगुल्या झाल्या. “सेटिंग पीसच पास केला की लेकांनी!”

मग एका पावसाळी दुपारी ‘ब्लॅक सॅबथ’ लागलं. १९७० चा अल्बम. पाऊस, गडगडाट, चर्चची घंटा. नानांनी बाल्कनीतले कपडे आत घेतले. नंतर ती जड, सावकाश गिटार सुरू झाली तशी त्यांनी हेडफोन काढून काळ्या टी-शर्टवाल्याला हाक मारली. “हा माणूस कुठल्या शॉपमधला?”

विचारलं सहज होतं. उत्तर निघालं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातलं. टोनी आयोमी, वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, परत जायचं मनात नव्हतं, आईने पाठवला. प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे उभा केला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं पेर गेलं. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

नाना प्रश्न विचारत गेले. गार्ड होता का? दोन्ही हातांची बटणं होती का? की प्रॉडक्शनसाठी एक बटण बांधून ठेवलं होतं? ट्रेनिंग न देता उभा केला कुणी? टी-शर्टवाल्याला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. त्याला फक्त पुढचं माहीत होतं. घरी पडलेल्या टोनीला कारखान्याच्या मॅनेजरने एक रेकॉर्ड आणून ऐकवली, आगीत भाजल्यावर दोनच बोटांनी गिटार वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टची. “आणि कॉम्पेन्सेशन?” नानांनी विचारलं. मग टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, सोल्डरिंगच्या डागणीने आकार दिला, वर चामडं चढवलं. तारा हलक्या लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवला. “टूलरूमचा माणूस,” नाना म्हणाले. गाणारा ऑझी ऑस्बर्न मोटारींचे हॉर्न तपासायच्या कामावर होता, हेही त्यांना सांगितलं. “म्हणजे क्वालिटीतला.” बाकी काही बोलले नाहीत.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्याने प्रेसवर उमेदीची वर्षं काढली त्याला हस्तांदोलनाच्या वेळी समोरच्याची बोटं मोजायची सवय असते. नानांची दहाही शाबूत आहेत. त्यांच्या जुन्या लाइनवर सगळ्यांचीच नव्हती.

त्या पानावर शेरा नाही. दोषाच्या रकान्यात लिहिलंय: ‘गार्ड नसावा.’ अल्बम त्यांनी त्या दुपारी पुन्हा पहिल्यापासून लावला आणि काकूंनी चहा दोनदा गरम केला.

सध्या बीटल्स चालू आहेत. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये हॅरिसनच्या गाण्याला दिलरुबा, तबला आणि तंबोरा ऐकून नाना फुरफुरले, “कच्चा माल आपला, शिक्का त्यांचा.” निकाल पुढच्या आठवड्यात लागेल. मुलाची यादी आता संपत आली आहे. तेव्हा प्राधिकरण, यमुनानगर, आकुर्डी भागात कुणाकडे जुने अल्बम पडून असतील तर जरूर पाठवा. फक्त एकेक सुटं गाणं पाठवू नका. नाना लॉट पूर्ण असल्याशिवाय सही करत नाहीत.